आठ आठवडे प्रयोगशाळेत की आठ आठवडे फिरतीवर? (औषधांची गुणवत्ता आणि उन्हाळी इंटर्नशिप)

पिपेट (धागा सुरू केला, रात्री १०:१४)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, हा पहिलाच धागा. चूकभूल द्यावी घ्यावी.

मी फार्मसीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीसाठी दोन ठिकाणांहून होकार आलाय आणि पाच दिवसांत कळवायचंय.

पहिली जागा औषध तपासणीच्या प्रयोगशाळेत. बाजारातून आलेले नमुने तिथे फार्माकोपियाप्रमाणे (औषधांच्या कसोट्यांचा अधिकृत ग्रंथ) तपासतात. भत्ता शून्य. दुसरी जागा सार्वजनिक आरोग्यात काम करणाऱ्या संस्थेत. दुकानांतून आणि आरोग्य केंद्रांतून औषधांचे नमुने गोळा करायचे, फॉर्म भरायचे, माहिती संगणकात चढवायची. थोडा भत्ता आहे.

वर्गातले म्हणतात, प्रयोगशाळाच घे, तेच खरं विज्ञान, दुसरं म्हणजे पिशव्या घेऊन हिंडणं. एका सीनियरने मात्र सांगितलं की प्रयोगशाळेत इंटर्नला आठ आठवडे काचसामान धुवायला लावतात आणि शेवटी प्रमाणपत्र देऊन फोटो काढतात.

कोणी यातलं काही केलंय का? आठ आठवड्यांत खरंच काही शिकता येतं का?

---

गोळीबार (१०:२१)

नावातच पिपेट आहे, म्हणजे धुणं नशिबात लिहिलेलंच. पहिला मी.

---

निवृत्त_विश्लेषक (११:०५)

पिपेट, धाग्यावर स्वागत. तीसेक वर्षं गुणवत्ता नियंत्रणात काढली, तेव्हा बोलायचा अधिकार आहे असं समजतो.

काचसामान धुवायला लागेलच. त्यात कमीपणा वाटून घेऊ नकोस. फ्लास्कच्या गळ्याला साबणाचा अंश राहिला की क्रोमॅटोग्रामवर (नमुन्यातले घटक दाखवणारा यंत्राचा आलेख) भलतंच शिखर उगवतं आणि मग दोन दिवस सगळे त्या शिखराची कुंडली मांडत बसतात. ज्याने ते दोन दिवस एकदा भोगलेत तो पुन्हा कधी घाईत फ्लास्क धूत नाही.

पहिला आठवडा कार्यपद्धतीचे कागद वाचण्यात आणि सह्या करण्यात जाईल. झोप येईल. दुसऱ्या आठवड्यात तराजू. वीस गोळ्या एकेक करून तोलायच्या, सरासरी काढायची, कुठली किती लांब पडते ते बघायचं. मग विद्रावण चाचणी, म्हणजे डिसोल्युशन. काचेच्या भांड्यात बहुतेक वेळा ९०० मिली द्रव, तापमान ३७ अंश, त्यात फिरणारं वल्हं, आणि ठरलेल्या मिनिटांना सिरिंजने नमुना काढणं. ऐकायला सोपं. सहा भांड्यांतून एकामागून एक वेळेवर नमुने काढताना हात कसे थरथरतात ते करणाऱ्यालाच माहीत.

एक किस्सा सांगतो. आमच्याकडे एक मुलगा इंटर्न होता, अबोल, अक्षर सुरेख. एका औषधाच्या गोळ्या विद्रावणात साफ नापास झाल्या. गोळीत औषध पुरेपूर होतं, पण ठरल्या वेळात विरघळतच नव्हतं. अहवाल 'नापास' म्हणून निघणार, इतक्यात मी त्याची वही उघडली. सुरुवातीचं तापमान त्याने प्रामाणिकपणे ३४.५ लिहिलं होतं. हौदाचं पाणी पुरतं तापायच्या आतच आमच्या अनुभवी माणसाने यंत्र सुरू केलेलं. मुभा असते अर्ध्या अंशाची. चाचणीच बाद. परत केली, गोळ्या पास.

त्या पोराने सवयीने ३७ लिहिलं असतं तर चांगलं औषध आम्ही वाईट ठरवलं असतं. लिहिताना तो घाबरला होता, नंतर म्हणाला, "सर, मला वाटलं माझंच वाचायला चुकलं."

---

शंकासूर (११:३२)

काका, किस्सा छान. पण त्यातूनच माझा प्रश्न निघतो. अनुभवी माणूस चुकला, इंटर्नने खरं लिहिलं म्हणून निभावलं. उलटं झालं असतं तर? लोकांच्या पोटात जाणाऱ्या औषधाचा निकाल तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याच्या हातून का यावा?

दुसरं. भत्ता शून्य म्हणजे काय? आठ आठवडे पूर्ण वेळ काम, जाणंयेणं पदरचं, राहणं पदरचं. ज्याच्या घरी परवडतं तोच 'अनुभव' घेणार आणि पुढे नोकरीत त्या अनुभवालाच गुण मिळणार. जागतिक आरोग्य संघटनेसारख्या संस्थेतसुद्धा इंटर्न वर्षानुवर्षं फुकट राबत होते. २०२० पासून तिथे भत्ता सुरू झाला. त्यांना पटायला इतका वेळ लागला, तर बाकीच्यांचं विचारूच नका.

---

गोळीबार (११:३५)

शंकासूर आला. आता धागा शंभरी गाठणार.

---

निवृत्त_विश्लेषक (११:५०)

शंकासूर, निकाल विद्यार्थ्याच्या हातून येत नाही. तो करतो, दुसरा तपासतो, तिसरा सही करतो. संशयास्पद आकडा आला तर आधी चौकशी, मग फेरतपासणी. तेही 'पास होईपर्यंत करत राहा' असं नाही, तो तर गुन्हाच. भत्त्याबद्दल मात्र तुझ्याशी सहमत. आम्हीही देत नव्हतो. आज त्याची लाज वाटते.

---

दक्षिणवारा (दुसऱ्या दिवशी, सकाळी ७:४०)

विद्यार्थ्यांनी खरे नमुने तपासण्याचं एक चांगलं उदाहरण आहे. अमेरिकेतल्या नोत्र दाम विद्यापीठात मार्या लीबरमन यांच्या गटाने औषधं पडताळायचं कागदी कार्ड बनवलं. गोळी कार्डावर घासायची, कड पाण्यात बुडवायची, पाणी वर चढतं आणि बारा पट्ट्यांवर रंग उमटतात. रंगांच्या नक्षीवरून कळतं की आत आहे ते औषधच आहे की नुसतं पीठ. ही झाली चाळणी. पुढची पक्की तपासणी एचपीएलसीवर (द्रावणातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र), आणि त्यातला मोठा भाग वेगवेगळ्या कॉलेजांतले पदवीचे विद्यार्थी करतात. पद्धत आपल्या हातून नीट चालते हे आधी दाखवायचं, मगच नमुन्याला हात लावायचा. म्हणजे शंकासूर म्हणतात तो धोका त्यांनीही ओळखलाय, पण म्हणून मुलांना दाराबाहेर उभं केलेलं नाही.

---

अबोली (९:१२)

पिपेट, मी 'पिशव्या घेऊन हिंडणारी' इंटर्न होते. तुझ्या वर्गमित्रांना माझा नमस्कार सांग.

आम्ही गिऱ्हाईक बनून औषधं विकत घ्यायचो. दुकानदाराला कळू द्यायचं नाही की हा तपासणीचा नमुना आहे, नाहीतर तो मागच्या फळीवरचा चांगला माल काढून देतो. त्यासाठी गोष्ट तयार ठेवावी लागते: "घरी आजारी आहे, डॉक्टरांनी हेच सांगितलंय." पहिल्या दुकानात मी इतकी गडबडले की दुकानदारानेच मला बसायला सांगितलं, त्याला वाटलं पेशंट मीच.

बाहेर आलं की कोपऱ्यावर जाऊन लगेच फॉर्म. औषधाचं नाव, बॅच क्रमांक, मुदत, उत्पादक, कुठे ठेवलं होतं, ऊन पडत होतं का, पट्टी अख्खी दिली की कापून, बिल दिलं का. संध्याकाळी एकदम भरू म्हटलं की चार दुकानं डोक्यात एकमेकांत मिसळतात. मिसळली होती, म्हणून सांगतेय.

माझ्या दोन मोठ्या चुका. एक, काही दुकानांतून मी दहाच गोळ्या आणल्या. प्रयोगशाळेने हात वर केले. वजनालाच वीस लागतात, शिवाय विद्रावण, घटकाचं प्रमाण आणि शंका आली तर फेरतपासणी. तीन दिवसांची पायपीट वाया.

दुसरी चूक आठवली की अजून पोटात गोळा येतो. ऑक्सिटोसिनच्या कुप्या होत्या. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबवणारं औषध, थंडीतच, २ ते ८ अंशांत ठेवायचं. शीतपेटी घेऊन गेले होते, पण शेवटच्या केंद्रावर बोलण्यात वेळ गेला आणि कुप्या गाडीत, उन्हात, पिशवीतच राहिल्या. किती वेळ, ते आठवेना. शीतपेटीत परत ठेवून गप्प बसणं सहज शक्य होतं. कुणाला कळलंही नसतं. प्रयोगशाळेत औषध कमी भरलं असतं आणि दोष त्या केंद्राच्या किंवा उत्पादकाच्या माथी गेला असता.

मी सांगितलं. नमुने बाद झाले, बोलणी खाल्ली. पण त्या दिवसापासून माझ्या डोळ्यांना दुकानाच्या खिडकीतलं ऊन दिसायला लागलं.

---

आजीचा_बटवा (९:४०)

अबोली, किती प्रामाणिक लिहिलंस गं! वाचनखूण साठवली.

माझा बाळबोध प्रश्न. आम्ही सरसकट 'डुप्लिकेट औषध' म्हणतो. तुम्ही मंडळी दुय्यम, बनावट असं वेगवेगळं का म्हणता? खाणाऱ्याला दोन्ही सारखीच ना?

---

निवृत्त_विश्लेषक (१०:१५)

बटवाताई, प्रश्न बाळबोध नाही. यावर लोक वर्षानुवर्षं भांडलेत. पूर्वी या सगळ्यासाठी लांबलचक सामाईक नाव होतं, उच्चारताना दम लागायचा. २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तीन कप्पे केले. दुय्यम दर्जाचं: परवाना असलेल्या उत्पादकाचंच, पण कसोटीला न उतरणारं. बनावट: काय आहे, कोणी केलंय, कुठून आलंय याबद्दल मुद्दाम खोटं सांगणारं. आणि विनानोंदणीचं: त्या देशात परवानगीच नसलेलं.

खाणाऱ्याला फरक नाही, खरं आहे. पण उपाय वेगळे. बनावटीमागे पोलिस लागतात. दुय्यम दर्जामागे कारखान्याची, साठवणुकीची तपासणी लागते. अबोलीच्या गाडीत तापलेली कुपी कोणी 'बनवलेली' नव्हती.

---

अबोली (१०:१८)

काका, त्या कुप्यांना आता इतिहासात जागा मिळणार वाटतं.

---

मी_आकडेशास्त्री (११:०२)

आता कोणीतरी "दहातलं एक औषध खोटं" हे वाक्य टाकणारच, म्हणून आधीच येतो.

२०१७ च्या त्याच अहवालात कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांसाठी १०.५ टक्के हा आकडा आहे. १०० अभ्यास, ४८ हजारांहून जास्त नमुने. हे *नमुन्यांचं* नापास होण्याचं प्रमाण आहे आणि त्यात दुय्यम आणि बनावट दोन्ही आहेत. अभ्यासही एका मापाचे नाहीत. कोणी चिठ्ठ्या टाकून दुकानं निवडली, कोणी जिथे संशय होता तिथेच गेलं. जिथे धूर दिसतो तिथेच मोजलं तर आगीचं प्रमाण जास्तच भरणार.

जुनं उदाहरण घ्या. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आग्नेय आशियातल्या दुकानांतून आर्टेसुनेट या हिवतापाच्या औषधाचे १०४ नमुने घेतले होते, त्यांपैकी ३८ टक्क्यांत आर्टेसुनेट नव्हतंच. गोळीत औषधच नाही. भयानक. पण त्यावरून तिथलं ३८ टक्के आर्टेसुनेट बनावट होतं असं म्हणता येत नाही. धोक्याची घंटा म्हणून आकडा पुरेसा, मोजमाप म्हणून नाही.

पिपेट, म्हणून कुठेही गेलीस तरी पहिल्या दिवशी विचार: नमुन्यांची दुकानं कशी निवडली? उत्तर ऐकून संस्था कळेल.

---

गोळीबार (११:०६)

हाच प्रश्न स्थळ बघायला आलेल्यांनाही विचारावा. नमुना कसा निवडला?

---

दक्षिणवारा (११:३०)

आर्टेसुनेटचा विषय निघालाच आहे तर थोडं अवांतर. त्या बनावट पाकिटांवर होलोग्रामसुद्धा होते, तेही बनावट. नंतरच्या तपासात रसायनतज्ज्ञ, पोलिस आणि परागकण ओळखणारे वनस्पतितज्ज्ञ एकत्र बसले. गोळ्यांत अडकलेल्या परागकणांवरून आणि त्यातल्या खनिजावरून काही माल दक्षिण चीनकडचा असावा असा माग लागला. २००८ मध्ये ते प्रसिद्ध झालं. फार्मसीच्या पोरांना वनस्पतिशास्त्र कंटाळवाणं वाटतं, त्यांच्यासाठी खास.

---

स्वल्पविराम (दुपारी १:२०)

मी पालकाच्या भूमिकेतून लिहितेय. आमच्या मुलाने मागच्या वर्षी अशीच इंटर्नशिप केली. आठ आठवडे एकच काम: जुने कागदी अहवाल स्कॅन करून फाइलींना नावं देणं. कोणी काही शिकवलं नाही, कोणी काही विचारलं नाही. शेवटी शिफारसपत्र मागितलं तर म्हणे, तूच लिहून आण, आम्ही सही करतो. नाव सांगत नाही. सगळीकडे काका आणि अबोली भेटत नाहीत, एवढंच म्हणणं आहे.

---

शंकासूर (१:३१)

स्वल्पविराम, +१. इथे सगळे सुफळ संपूर्ण गोष्टी सांगताहेत, कोणीतरी दुसरी बाजू दाखवायला हवीच होती.

---

दक्षिणवारा (१:५५)

शंकासूरांना अजून एक सुफळ गोष्ट, रागावू नका.

१९३७. अमेरिकेत सल्फानिलामाइड या जंतुसंसर्गावरच्या औषधाचं पातळ रूप बाजारात आलं. चवीला गोड, विशेषतः मुलांना द्यायला सोपं. विद्रावक म्हणून वापरलं होतं डायएथिलीन ग्लायकॉल, म्हणजे विषच. बाजारात आणण्याआधी विषारीपणाची चाचणी झालीच नव्हती, कारण तेव्हाच्या कायद्याने ती लागतच नव्हती. शंभराहून जास्त माणसं गेली, त्यात बरीच मुलं. सरकारने जवळजवळ सगळे निरीक्षक रस्त्यावर उतरवले आणि विक्रीच्या पावत्यांवरून बाटली न् बाटली शोधली. माल जप्त करायला कायद्यातलं कारण मिळालं ते काय, तर नाव चुकलंय. 'एलिक्झिर' म्हणायला त्यात अल्कोहोल लागतं, ते नव्हतं. माणसं मेली हे पुरेसं कारण नव्हतं! पुढच्याच वर्षी, १९३८ मध्ये, कायदा बदलला.

शिकागो विद्यापीठातल्या गायलिंग यांच्या प्रयोगशाळेकडे या औषधाचा तपास आला. प्राण्यांवरच्या त्या प्रयोगांत मदत करणारी एक विद्यार्थिनी होती, फ्रान्सिस ओल्डहॅम. नावावरून पुरुष समजून प्रवेशाचं पत्रही 'मिस्टर' म्हणून आलं होतं तिला. लग्नानंतर तीच फ्रान्सिस केल्सी. १९६० मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनात नव्याने रुजू झाली आणि पहिल्याच काही अर्जांत तिच्या टेबलावर आलं थॅलिडोमाइड, गरोदरपणी घेतलं तर बाळात व्यंग आणणारं म्हणून पुढे कुप्रसिद्ध झालेलं औषध. कंपनी परत परत दार ठोठावत होती, ही परत परत म्हणत होती, माहिती पुरेशी नाही.

---

शंकासूर (२:१०)

गोष्ट आवडली. पण एका केल्सीमागे फाइली स्कॅन करणारे किती, ते आकडेशास्त्री सांगतील.

---

मी_आकडेशास्त्री (२:१२)

सांगता येणार नाही. नमुना निवडक आहे.

---

गोळीबार (२:१३)

खीक्!

---

निवृत्त_विश्लेषक (४:३०)

दक्षिणवारा यांनी डायएथिलीन ग्लायकॉल काढलंच आहे, तर पिपेटसाठी तांत्रिक मुद्दा. ते प्रकरण १९३७ ला संपलं नाही. पनामात २००६ मध्ये घडलं, गांबियात २०२२ मध्ये लहान मुलांच्या सिरपमध्ये घडलं. ग्लिसरीन किंवा प्रोपिलीन ग्लायकॉल या सिरपमधल्या नेहमीच्या विद्रावकांच्या जागी किंवा त्यांत मिसळून हे विष येतं. दिसायला तसंच, चवीलाही गोड.

आता नीट बघ. तू त्या सिरपमध्ये औषधी घटक किती आहे ते मोजलंस तर निकाल येईल ९९ टक्के, उत्तम. कारण घटक आहेच. विष विद्रावकात आहे आणि तू विद्रावक शोधलाच नाहीस. त्यासाठी वेगळी चाचणी लागते, गॅस क्रोमॅटोग्राफी वगैरे, मर्यादा ०.१० टक्का. रक्त गोठू न देणाऱ्या हेपारिनच्या २००८ च्या भेसळ प्रकरणातही तेच. नेहमीच्या चाचण्यांत भेसळ पकडली जात नव्हती, कारण भेसळ हेपारिनसारखीच वागत होती. वेगळ्या पद्धती लावल्या तेव्हा सापडली.

म्हणून 'पास' या शब्दापुढे मी इंटर्नकडून नेहमी लिहून घ्यायचो: कशासाठी तपासलं?

---

आजीचा_बटवा (४:४१)

अंगावर काटा आला.

---

स्वल्पविराम (५:०५)

काका, एक व्यवहारी प्रश्न. जागा स्वीकारण्याआधी विद्यार्थ्याने काय विचारावं, म्हणजे आमच्यासारखी फसगत होणार नाही?

---

निवृत्त_विश्लेषक (५:४०)

रोज माझ्याबरोबर कोण असेल, त्याचं नाव. 'विभाग बघेल' असं उत्तर आलं की सावध. मागच्या वर्षीच्या इंटर्नशी बोलता येईल का. यंत्रावर हात ठेवायला मिळेल का, आणि त्याआधी प्रशिक्षण कोण देईल. आठ आठवड्यांत पुरं होईल असं काम ठरवलंय का, हे तर नक्की विचारावं. कोणी म्हणालं की औषध किती टिकतं त्याचा पूर्ण अभ्यास करशील, तर ओळखावं की त्यांनी विचारच केलेला नाही. ४० अंश आणि ७५ टक्के आर्द्रतेचा वेगवान अभ्यासच सहा महिने चालतो.

---

अबोली (५:५२)

फिरतीवर जाणाऱ्यांनी शिवाय विचारावं: दुकानदाराने ओळखलं, अडवलं, आरडाओरडा केला तर फोन कोणाला करायचा? मुलींनी तर नक्कीच. आमच्याकडे दोघांनी मिळूनच जायचं असा नियम होता. अधिकारपत्र पिशवीच्या तळाशी असायचं, पण जिवावर बेतल्याशिवाय काढायचं नाही.

आणि आपण गोळा करून आणलेल्या नमुन्याचा निकाल आपल्याला कळणार का? मला नाही कळला. विचारायचंच राहिलं.

---

टाचणखूण (६:३०)

प्रयोगशाळेच्या वहीबद्दल कोणी बोललं नाही अजून. पेन्सिल बंद, व्हाइटनर बंद, चिटोऱ्यावर लिहून मग 'फेअर' करणं तर पापच. चुकलं तर एकच आडवी रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे, बाजूला कारण, सही, तारीख. मी पहिल्या दिवशी सवयीने हातावर वजन लिहिलं. वरिष्ठ म्हणाले, आता हाताची झेरॉक्स फाइलला लाव.

---

गोळीबार (६:३३)

सही आणि तारखेसकट?

---

टाचणखूण (६:३४)

कोपरावर.

---

संपादक (७:००)

चर्चा चांगली चालली आहे. एक विनंती: इंटर्नशिपमध्ये पाहिलेल्या नमुन्यांची, उत्पादकांची किंवा दुकानांची नावं इथे लिहू नयेत. गुप्ततेच्या करारावर सही केलेली असते आणि अर्धवट निकालावरून कोणाचंही नाव खराब होऊ शकतं. तशा दोन ओळी वरून काढल्या आहेत.

---

पिपेट (चार दिवसांनी, रात्री ९:२५)

सगळ्यांचे खूप खूप आभार. काकांचे आणि आकडेशास्त्रींचे प्रश्न दोन्हीकडे विचारले.

फिरतीच्या संस्थेने दुकानं कशी निवडली ते अर्धा तास समजावलं, यादीसुद्धा दाखवली. नमुने कुठे तपासले जातात असं विचारलं तर नाव निघालं पहिल्या जागेचंच! म्हणजे दोन्ही जागा एकाच साखळीच्या दोन टोकांना आहेत आणि मला कोणी सांगितलंच नव्हतं.

प्रयोगशाळा घेतली. भत्त्याचा विषय शंकासूरांमुळे धीर करून काढला. भत्ता नाही म्हणाले, पण जाण्यायेण्याचा खर्च देतील. आणि पहिला आठवडा नमुने गोळा करणाऱ्यांबरोबर फिरू द्या असं मी मागितलं. मॅडमनी क्षणभर माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, आजवर कोणी मागितलं नव्हतं.

---

शंकासूर (९:४०)

धीर माझ्यामुळे आला, हे संपादकांनी पिन करून ठेवावं. अभिनंदन. निदान प्रवासखर्च तरी सुटला.

---

अबोली (९:४४)

शीतपेटी. विसरू नकोस.

---

पिपेट (साधारण दीड महिन्याने, दुपारी ३:१०)

धागा वर काढतेय. सहावा आठवडा.

काचसामान धुतलं, भरपूर धुतलं. तीन आठवडे विद्रावण केलं, आता एचपीएलसीवर आहे. मागच्या आठवड्यात एका अँटिबायोटिकच्या दोन नमुन्यांत एक घटक कमी भरला. ओल लागली की बिघडणारा घटक. मी फॉर्म काढला, तर 'कुठे ठेवलं होतं' हा रकाना दोन्हींत कोरा. फिरतीवरच्या मुलाला फोन केला. तो म्हणाला, घाई होती ताई, संध्याकाळी भरू म्हटलं. आता दुकानात ओल होती, पट्टी कापलेली होती की कारखान्यातूनच कमी आलं, काहीच सांगता येत नाही. निकाल बरोबर आहे, दोनदा तपासलाय, दुसऱ्या विश्लेषकानेही केलाय. पण त्याचं करायचं काय ते कोणालाच माहीत नाही. मॅडमनी आता नियम केलाय, कोरा रकाना असेल तर नमुना आत घ्यायचा नाही. फॉर्म नव्याने करायचं काम मला दिलंय. अबोलीताईंनी विचारलेली खिडकीतल्या उन्हाची ओळ घातलीये त्यात.

दुसरं, तातडीचं. काका, आज मी बाजूला गेले असताना कोणीतरी एचपीएलसीवर फॉस्फेट बफर (क्षारांचं पाणी) बंद करून थेट शुद्ध असिटोनायट्राइल हे विद्रावक सोडलं. दाब नेहमी १२० बारच्या आसपास असतो, आत्ता २८० दाखवतोय आणि वाढतोय. मॅडम बैठकीत. काय करू?

---

निवृत्त_विश्लेषक (३:१४)

पंप बंद कर. आत्ता. असिटोनायट्राइलमध्ये न विरघळता बफरचे क्षार बसलेत. कॉलम (घटक वेगळे करणारी नळी) सोडव, पंप नुसता पाण्यावर चालवून दाब बघ. उतरला तर गाठ कॉलममध्ये आहे. मग कॉलम परत जोड, पण बाहेरचं टोक डिटेक्टरला न जोडता भांड्यात सोड, आणि कोमट पाणी अगदी सावकाश, मिनिटाला ०.२ मिली. घाई करू नकोस, तास दोन तास जाऊ देत.

आणि वहीत लिही. वेळेसकट.

---

पिपेट (३:१६)

लिहिलं. ३:०२, २८० बार.

---

गोळीबार (३:१७)

हातावर नाही ना?

---

पिपेट (संध्याकाळी ५:४८)

१३१.